आकोंगनी शिकवलेलं ‘कीप’

सिंगापूरला जाण्याआधी एजंटाच्या सेंटरमध्ये मी तीन महिने काढले. तिथे इंग्रजी शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी आम्हाला पन्नास शब्द दिले होते आणि आम्ही साठ जणी ते रोज सकाळी एका सुरात ओरडून पाठ करायचो. धुणे, पुसणे, शिजवणे, इस्त्री करणे. ‘कीप’ हा शब्द त्या पन्नासात नव्हता. तो मला मॅमच्या घरी पहिल्याच दिवशी भेटला.

मी तुरीना. जावातल्या तेमांगुंगकडच्या डोंगरउतारावरची, तंबाखूच्या गावची. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. चार वर्षांची लेक आईजवळ होती. नवरा सुमात्राला पामच्या मळ्यात कामाला गेला तो तिकडचाच झाला होता.

ग्वी मॅम विम्याच्या कचेरीत कामाला होत्या. वय अठ्ठेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांचे वडील, एवढीच माणसं. वडील एकोणऐंशीचे. चाळीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. वर्षभरापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, म्हणून मला आणलं. त्यांना मी आकोंग म्हणायचे. आजोबांना तिकडे सगळे तसंच म्हणतात.

पहिल्या दिवशी मॅमनी मला ताटल्या पुसायला दिल्या आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “झाल्या की कीप.” मला कळलं. जिथली वस्तू तिथे आवरून ठेवायची, म्हणजे कीप. कपडे कीप, छत्री कीप, पापांच्या गोळ्या कीप. संध्याकाळी त्यांनी हात पुढे केला.

“पासपोर्ट दे. मी कीप करते.”

मी दिला. ताटली कपाटात जाते तसा तोही कुठल्या तरी खणात जाईल, आणि लागली की ताटली काढतो तसा लागला की काढता येईल, असं मला वाटलं. मी तर मान लववून आभारही मानले.

घर अकराव्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या अगदी टोकाला. लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी जाळीचं दार होतं. मॅम सकाळी साडेसातला निघायच्या आणि जाताना त्या जाळीला बाहेरून कुलूप घालायच्या. संध्याकाळी सातला येऊन उघडायच्या. किल्ली एकच. फोन त्यांच्या खोलीत, आणि खोलीलाही कुलूप.

कारण त्यांनी मला नीट सांगितलं, लपवलं नाही. आकोंग एकदा पायजम्यावरच बाहेर पडले होते. चार तासांनी बसच्या डेपोत सापडले, तेव्हा ते अनोळखी माणसांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करत होते, शाळेत प्रार्थनेला करतात तसं. दुसरं कारण मात्र मॅमनी सांगितलं नाही. ते मला आकोंगनी सांगितलं. माझ्याआधीची मुलगी एका दुपारी पळून गेली होती.

पहिले काही महिने मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. खायला मिळत होतं, कुणी हात उगारत नव्हतं. सेंटरमध्ये ऐकलेल्या गोष्टी याहून वाईट होत्या. पण एके दिवशी फरशी पुसताना माझी नजर माझ्याच पायांकडे गेली. गावाकडे माझ्या टाचांना अशा भेगा होत्या की त्यात माती कायमची बसलेली असायची. त्या बुजल्या होत्या. टाचा लहान मुलीसारख्या मऊ, गुलाबी झाल्या होत्या. सात महिन्यांत माझा पाय जमिनीला लागला नव्हता. मी तिथेच फडकं हातात घेऊन बसून राहिले. आकोंग कॉटवरून विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि मला सांगायला शब्दच नव्हते.

रविवारीही सुट्टी नव्हती. रविवारी मॅम घरी असायच्या, कुलूप आतून असायचं, एवढाच फरक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबूला कपडे अडकवून बाहेर सोडताना मी जरा जास्तच वाकायचे. खाली लाल-पिवळी घसरगुंडी दिसायची. शेजारच्या तीन घरांतली माणसं दिवसभर कामावर. व्हरांड्यातून कुणी गेलं की मी जाळीशी जायचे, नुसतं बघायला.

आकोंग आणि माझं सुरुवातीला काही बोलणं नव्हतं. सकाळी त्यांचं डोकं लख्ख असायचं, पण जेवणानंतर धुकं पसरल्यासारखं व्हायचं. मी त्यांना धुवायचे, पेज भरवायचे. ते भिंतीकडे बघत राहायचे.

एकदा मॅम घाईत निघता निघता म्हणाल्या, “आज पापांवर डोळा कीप. कालपासून त्यांना चक्कर येतेय.”

मी विचारात पडले. डोळा कसा कीप करायचा? आमच्या भाषेत चष्म्याला डोळ्याची काच म्हणतात. मग उलगडा झाला. त्यांचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवरून हलू द्यायचा नाही. दिवसभर मी तेच केलं. पेज खाताना वाफ धरली की पुसून पुन्हा चढवला. दुपारी ते झोपले, चष्मा काढून उशाशी ठेवला. मी हळूच जाऊन परत घातला. त्यांनी काढला, मी घातला. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं.

“पोरी, झोपेत मी काय वाचणार आहे?”

“मॅम बोलल्या. पापांवर डोळा कीप.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं त्यांना पुन्हा झटका आला, आणि मी पाण्याला धावले.

“बस इथे,” ते म्हणाले. “कॅलेंडर आण. जुनं. आणि पेन.”

त्या दिवसापासून आमचे तास सुरू झाले. रोज सकाळी नऊ ते साडेदहा. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ते डाव्या हाताने अक्षर काढायचे. एक अक्षर काढायला त्यांना मिनिट लागायचं, पण पुसट किंवा वाकडं आलं की खोडून पुन्हा काढायचे. पहिल्या कागदावर त्यांनी फक्त एकच शब्द लिहिला. कीप.

“एवढ्या एका शब्दात महिना जाईल,” म्हणाले. “हा लहान दिसतो, पण फार खादाड आहे. काहीही गिळतो.”

“ताटली कीप,” मी म्हटलं. मला येत होतं ते आधी दाखवलं.

“तो आपला सिंगापूरचा कीप. राणीच्या इंग्रजीत ताटल्या कीप करत नाहीत. पण राणी काही इथे ताटल्या पुसायला येत नाही, तेव्हा चालू दे. तुझ्या घरी कोंबड्या आहेत?”

“आहेत. सहा.”

“म्हणजे तुम्ही कोंबड्या कीप करता.”

“कपाटात नाही, आकोंग. झाडाखाली.”

“पाळता, गं. कोंबडी पाळणं म्हणजे कीप. आणि कुणाला शब्द दिला, तर तोही पाळायचा. तेही कीप.”

“शब्दाला दाणे काय घालायचे?”

“तो उपाशीपोटीच पाळावा लागतो,” आकोंग म्हणाले. “म्हणून तर लोकांना जमत नाही.”

असे आमचे तास चालायचे. गुपित राखणं कीप, दुकान चालवणं कीप, रोजची वही लिहिणं कीप. रस्त्याच्या डाव्या बाजूने राहा, तेही कीप. एकदा मी सांबल, म्हणजे आमची मिरचीची चटणी, केलं, तर त्यांनी विचारलं, हे किती दिवस कीप होईल? मी गोंधळले. सांबलने काय ठेवलं? “काही नाही,” ते म्हणाले, “ते स्वतःच राहिलं, न बिघडता. आपण दोघं राहिलोय तसं.” आणि मागे दुसरं क्रियापद जोडलं, की कीप म्हणजे थांबू नकोस. चालत राहा. बोलत राहा. ते मला मोठ्याने म्हणायला लावायचे आणि मी चुकले की पेनाने टेबलावर टकटक करायचे. चुका ते कधी सोडायचे नाहीत. मला त्याचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजायची वाटही मी बघायचे.

दीड वर्षात मी बरंच बोलायला लागले. मॅमना त्याचा आनंदच झाला. सुट्टीच्या दिवशी त्या आम्हा दोघांना केक आणायच्या. वाईट बाई नव्हत्या त्या. आल्या की पर्स खाली न ठेवता आधी वडिलांच्या कपाळाला हात लावून बघायच्या. पण कुलूप कधी विसरल्या नाहीत.

मग आईचं पत्र आलं. लेकीला पहिलीत घातलं होतं. शाळेत तिने चित्र काढलं होतं, आईचं, आणि त्यात मला तोंडच नव्हतं. आईने चित्र पत्रात घातलं होतं. त्या रात्री मी मॅमना विचारलं, “दोन वर्षं होत आली. मी जाऊन येऊ? पंधरा दिवस. पासपोर्ट द्याल?”

“बघू,” मॅम म्हणाल्या. “पापांचं काय करू, ते आधी बघू. तुझा पासपोर्ट सुरक्षित आहे, काळजी करू नको. मी कीप केलाय ना.”

दुसऱ्या दिवशी तासाला मी आकोंगना विचारलं, “मॅमनी माझा पासपोर्ट कीप केलाय. हा कुठला कीप?”

आकोंगनी पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि कागदावर कीपच्या पुढे एक शब्द लिहिला, फॉर. त्याखाली पुन्हा कीप, आणि पुढे दुसरा शब्द, फ्रॉम.

“पहिल्याचा अर्थ, तुझ्यासाठी सांभाळून ठेवला. मागितला की मिळतो.”

“आणि दुसऱ्याचा?”

“तुला मिळू नये म्हणून ठेवला.”

“मॅमचा कुठला?”

“ती पहिला म्हणते.”

“आणि तुम्ही?”

त्यांनी कागदाची घडी घातली. “आज तास संपला,” म्हणाले. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

संध्याकाळी मात्र ते बोलले. मी भांडी घासत होते. ते तेओच्यूत, त्यांच्या चिनी बोलीत, बोलत होते, ते मला कळायचं नाही, पण माझं नाव आणि ‘पासपोर्ट’ कळला. मॅम मात्र इंग्रजीत बोलल्या. मला ऐकू जावं म्हणून असेल, किंवा रागात त्यांना इंग्रजीच यायचं म्हणून असेल.

“पापा, तुम्ही यात पडू नका. ही गेली आणि नाही आली, तर? नोकरी सोडू? मग खायचं काय? अकरा वर्षं मी कुठे गेले नाही. आधी मम्मी, मग तुम्ही. मला कुणी पंधरा दिवस दिलेत?”

त्यानंतर आकोंगच्या चमच्याचा वाडग्यावर आवाज तेवढा येत होता. दुसऱ्या दिवशी नऊला मी कॅलेंडर घेऊन गेले, तर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तो आठवडाभर आमचे तास झाले नाहीत.

नवव्या दिवशी ते पडले.

सकाळचे सव्वादहा झाले असतील. मी खिडकीतून बांबू आत ओढत होते. हॉलमध्ये खुर्ची पडल्याचा आवाज आला. येऊन बघते तर आकोंग दाराशी, जाळीच्या अगदी जवळ आडवे झालेले, एक पाय विचित्र वळलेला. ते काठी न घेता तिथपर्यंत आले होते. कशासाठी, ते मी तेव्हा विचारलं नाही.

उचलायला गेले, तर असे ओरडले की मी हात काढून घेतला. ओठ पांढरे पडले होते. मी उशी आणली, अंगावर माझं लुंगीसारखं सारोंग घातलं. मॅमच्या खोलीच्या दाराला धडका दिल्या, ते हललं नाही. जाळीचं कुलूप ओढून पाहिलं, रोज ओढायचे तसं.

“हाक मार,” ते म्हणाले.

मी हाका मारल्या. व्हरांडा रिकामा. खिडकीशी जाऊन ओरडले. अकरा मजले खाली एक बाई ढकलगाडीतल्या बाळाला घेऊन चालली होती. तिने वर पाहिलं, तिला काही दिसलं नसावं, ती गेली. मी परत आले.

“कुणी नाही, आकोंग.”

“मागे दुसरं क्रियापद जोडलं की काय होतं?” ते डोळे मिटूनच म्हणाले.

“थांबू नकोस, असं होतं.”

“मग?”

मी स्वयंपाकघरातून लोखंडी पळी आणली आणि जाळीवर मारायला लागले. मारत राहिले. हात दुखला की दुसऱ्या हाताने. अकरा वाजले. साडेअकरा. मधे त्यांना पाणी दिलं. मधे त्यांचे कपडे ओले झाले, तेव्हा ते म्हणाले, “इकडे बघू नकोस,” आणि मी न बघता पुसलं, जमेल तसं. बारानंतर त्यांचं बोलणं बदलायला लागलं. मला ते दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारत होते. मी पळी मारत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, हे इथे मेले तर सातपर्यंत आम्ही दोघं असेच, एकाच दारामागे.

एक वाजता भोंगा ऐकू आला. रद्दीवाल्याचा, रबरी, बदकासारखा आवाज करणारा. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टमधून हातगाडी घेऊन एक म्हातारा बाहेर पडला. मी इतक्या जोरात पळी मारली की तो थबकला, मग हळूहळू आला. पण दारापासून चार पावलांवरच उभा राहिला.

“मोलकरणींच्या भानगडीत मी पडत नाही,” तो म्हणाला. “मागे एकदा पडलो होतो. पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं.”

“अंकल, आकोंग पडले. पाय मोडलाय. दार उघडा.”

“दार तुझं, मी कसं उघडू? किल्ली कुठे?”

“मॅमनी कीप केलीय.”

“मग जा, घेऊन ये. कुठे कीप केलीय? खणात?”

“खणात नाही. मॅमनी कीप केलीय.”

“तेच विचारतोय ना, कुठे कीप केलीय?” तो चिडला. “घरात शोध. मला काय विचारतेस?”

मी जाळीला कपाळ टेकलं. एकच शब्द, तो एका अर्थाने म्हणत होता आणि मी दुसऱ्या. आणि आकोंग माझ्या पायाशी पडले होते. मी तो शब्दच सोडून दिला.

“किल्ली मॅमच्या पर्समध्ये. पर्स ऑफिसात. मॅम ऑफिसात. आम्ही आत बंद. रोज बंद. कळलं?”

तो पुढे आला. त्याने जाळीतून खाली पाहिलं, आकोंगचा चेहरा पाहिला, कुलूप हातात धरून पाहिलं. तेओच्यूत काहीतरी पुटपुटला. मग कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याने जाळीतून हात घालून आकोंगचा हात धरला होता.

निळ्या गणवेशातल्या माणसांनी मोठ्या कातरीने कुलूप तोडलं. आठ-दहा सेकंदही लागले नाहीत. कडक आवाज झाला आणि दार उघडलं. मी स्ट्रेचरच्या मागे व्हरांड्यात आले आणि मला चालताच येईना. व्हरांडा इतका लांब होता.

मॅमना कुणीतरी ऑफिसात फोन केला होता. आम्ही खाली रुग्णवाहिकेपाशी असताना त्या टॅक्सीतून उतरल्या. किल्ली हातातच होती, पुढे धरलेली. त्यांनी स्ट्रेचरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती किल्ली कुणाला द्यावी हे त्यांना कळेना.

दार तोडावं लागलं म्हणून पोलीस आले. संध्याकाळी मला चौकीत नेलं. मॅम बाहेरच्या बाकावर, मी आत. समोर सार्जंट तवमणी नावाची बाई, माझ्याहून थोडी मोठी असेल. तिने मला चहा दिला.

“जावानीज बोलणारी दुभाषी उद्या सकाळी येईल,” ती म्हणाली. “थांबायचंय, की इंग्रजीत सांगतेस?”

उद्यापर्यंत कुठे राहणार, हे मला माहीत नव्हतं. त्या घरी परत, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, “इंग्रजीत सांगते.”

तिने सगळं विचारलं. कुलूप, फोन, सुट्टी. मी सांगत गेले. मग तिने समोरचा कागद उलटला.

“पासपोर्ट. तुझ्या मॅम म्हणतात, तूच दिलास. तुझ्याकडून हरवेल म्हणून त्यांनी तुझ्यासाठी कीप केला. बरोबर?”

ती साध्या आवाजात विचारत होती. लिहायला पेन टेकवलेलं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी खरंच स्वतःच्या हाताने दिला होता. दाराच्या काचेतून मॅमची पाठ दिसत होती. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नसणार. त्यांना कुणी खा म्हणणारंही नव्हतं. मला माहीत होतं, मी काय बोलते त्यावर त्यांचं काहीतरी ठरणार आहे, आणि आकोंगचंही.

“फॉर नाही,” मी म्हटलं. “फ्रॉम.”

सार्जंटने वर पाहिलं. “पुन्हा सांग.”

“माझ्यासाठी नाही ठेवला. मला मिळू नये म्हणून ठेवला. मी मागितला, नाही दिला.”

तिने ते शब्द न शब्द लिहून घेतलं. मग बाहेर जाऊन मॅमशी बोलली. मॅमनी पर्स उघडली आणि त्यातून माझा पासपोर्ट काढून दिला. तो खणात नव्हताच. दोन वर्षं माझा पासपोर्ट रोज सकाळी त्यांच्याबरोबर बसने ऑफिसला जात होता आणि संध्याकाळी परत येत होता. मला त्याचं काय वाटलं ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. तो माझ्या हातात आला तेव्हा त्याला त्यांच्या हँडक्रीमचा वास येत होता.

मला दोन महिने मुलींच्या आसरागृहात ठेवलं. त्या दोन महिन्यांतच मी गावी जाऊन लेकीला भेटून आले. ती पहिले चार दिवस माझ्याजवळ आली नाही, आणि ती येऊ लागली तोवर माझी परतायची वेळ झाली. दुसरं घर मिळालं, तरुण नवराबायको आणि जुळी मुलं. रविवारी सुट्टी. घराची किल्ली त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिली. मी ती इतकी घट्ट धरायचे की तळव्यावर दात उमटायचे.

मॅमना ताकीद मिळाली आणि पुन्हा मोलकरीण ठेवायला बंदी झाली. त्यामुळे आकोंग इस्पितळातून घरी गेलेच नाहीत. घरी त्यांचं करणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांना वृद्धाश्रमात टाकलं. हे मला सार्जंट तवमणीने सांगितलं, मी चौकशी करायला गेले तेव्हा. तिने सहज सांगितलं, मला दोष देऊन नाही.

त्यांना भेटायला जायचं धाडस करायला मला आणखी चार महिने लागले.

आश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं, आकड्यांची बटणं असलेलं. परिचारिकेने मला आकडा सांगितला, भेटायला येणाऱ्या सगळ्यांनाच सांगत असत, फक्त म्हाताऱ्यांसमोर मोठ्याने म्हणू नका म्हणाली. आत आकोंग खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. केस कुणीतरी अगदी बारीक कापले होते.

“आकोंग, मी तुरीना.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग कंबर सरळ केली आणि फार आदराने म्हणाले, “या मॅडम. तपासणी आज होती? मला कळवलं नाही कुणी.”

मी शेजारी बसले. त्यांनी मला वर्गाची माहिती दिली, बेचाळीस मुलं, तीन गैरहजर. मी मान डोलवत होते. थोड्या वेळाने ते माझ्याकडे झुकले.

“मॅडम, एक विनंती. या लोकांना ते दार उघडायला सांगा. मुलं खोळंबली आहेत. मी केव्हाचा सांगतोय, कुणी ऐकत नाही.”

मला आकडा माहीत होता. चार बटणं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या पातळ झालेल्या पायांकडे पाहिलं.

“थोड्या वेळाने उघडतील,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी विश्वास ठेवला. दाराकडे तोंड करून बसून राहिले.

मॅम आल्या तेव्हा मी उठायला लागले. त्यांच्या हातात पेजेचा थर्मास होता. त्यांनी मला बसायची खूण केली आणि त्या वडिलांना भरवायला लागल्या. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा आकोंग दोघींनाही म्हणाले, “मला बरोबर घ्या.” मॅमनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मी आकडा दाबला आणि आम्ही बाहेर आलो, आणि दार आमच्यामागे आपोआप लागलं.

बस थांब्यावर आम्ही दोघीच होतो. ऊन फार होतं.

“तू मला सांगायचं होतंस,” मॅम म्हणाल्या. “पोलिसांना सांगण्याआधी.”

“मी मागितला होता, मॅम.”

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. “हो,” म्हणाल्या. “मागितला होतास.” त्यांचे केस मुळाशी पांढरे झाले होते, पूर्वी त्या दर महिन्याला रंगवायच्या. “मला वाटलं होतं, तू नसशील तेव्हा मी बुडेन. आता तू नाहीस, आणि बघ.”

त्यांची बस आधी आली. चढताना त्या पायरीवर थांबल्या. “पुढच्या रविवारी मला ऑफिसचं काम आहे. त्यांना एकटं वाटतं.”

“मी येईन,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी गेले, आणि त्यानंतर बहुतेक रविवारी. वर्षभर. आकोंगनी मला पुन्हा कधी ओळखलं नाही. दर वेळी ते दाराबद्दल विचारायचे आणि दर वेळी मी खोटं बोलायचे. मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी मॅमचा फोन आला. मी जुळ्यांना दूध पाजत होते. त्या म्हणाल्या, झोपेतच गेले, अंत्यदर्शनाला तीन दिवस आमच्या इमारतीच्या खाली मांडवात ठेवणार आहेत, यायचं असेल तर ये.

मी गेले. मांडवात एका लांब टेबलापाशी जाड चष्म्याची पाच-सहा माणसं बसली होती, साठी उलटलेली, त्यांचे जुने विद्यार्थी. कुणीतरी मला विचारलं, तू कोण त्यांची? मी म्हटलं, मीही त्यांच्याकडेच शिकले. त्यांनी सरकून मला खुर्ची दिली.